सनीवेलच्या रस्त्यावर इलेक्ट्रिक स्केटबोर्ड: आधी कायदा, मग ब्रेक, मग बॅटरी

ऑगस्ट उजाडला की कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट आणि सांता क्लारा युनिव्हर्सिटीत एमएस करायला आलेल्या आपल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. खोली मिळालेली असते, कुकर आणि तवा जमलेला असतो, आणि मग हमखास प्रश्न येतो: "ताई, गाडी परवडत नाही, बसची वाट बघण्यात वेळ जातो, एक सेकंडहँड इलेक्ट्रिक बोर्ड स्वस्तात मिळतोय. घेऊ का?"

मी सनीवेलमध्ये राहते. कॅलट्रेनने ऑफिसला जाते आणि स्टेशनपासून पुढचा टप्पा बोर्डवर करते. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे बॅटरी-मोटरवर चालणाऱ्या त्या फळीखाली नेमकं काय चाललंय हेही मला ठाऊक असतं. माझं उत्तर दरवेळी एकच असतं: घ्या, पण कायद्यात बसणारा घ्या, आणि पळवायच्या आधी थांबवायला शिका. ते नीट सांगायला फोन पुरत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

कोणता बोर्ड चालतो

कॅलिफोर्नियात १९७७ पासून मोटर लावलेल्या स्केटबोर्डला सार्वजनिक ठिकाणी सरसकट बंदी होती. तेव्हा पेट्रोलवर फटफट करत जाणारे बोर्ड निघाले होते. पुढे इलेक्ट्रिक बोर्ड आले तरी कायदा तोच राहिला. २०१५ साली राज्याच्या विधानसभेच्या सदस्य क्रिस्टिन ओल्सेन यांनी मांडलेलं एबी ६०४ हे विधेयक मंजूर झालं, गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सही केली आणि १ जानेवारी २०१६ पासून ते लागू झालं. यात एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. जुनी बंदी उठलेली नाही. तिच्यातून फक्त एका प्रकारच्या बोर्डाला वगळलं आहे, आणि तो प्रकार कुठला हे व्हेइकल कोडच्या, म्हणजे राज्याच्या वाहन कायद्याच्या, कलम ३१३.५ मध्ये मोजमापांसकट लिहिलं आहे.

त्या कलमाप्रमाणे बोर्ड उभं राहून चालवायचा असावा, लांबी ६० इंचांपेक्षा आणि रुंदी १८ इंचांपेक्षा जास्त नसावी, एकाच माणसासाठी असावा, मोटरची सरासरी शक्ती १,००० वॅटच्या आत असावी, आणि सपाट रस्त्यावर निव्वळ मोटरच्या जोरावर तो ताशी २० मैलांपेक्षा, म्हणजे साधारण ३२ किलोमीटरपेक्षा, जास्त वेगाने जाऊ नये. लांबी-रुंदीत बहुतेक सगळे बोर्ड बसतात. घोडं अडतं ते शेवटच्या दोन अटींवर.

आज ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या कितीतरी बोर्डांच्या जाहिरातीत "ताशी ३० मैल", "दोन मोटरी, प्रत्येकी १,५०० वॅट" असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. तो बोर्ड कायद्याच्या दृष्टीने कलम २१९६८ मधला जुना "मोटराइज्ड स्केटबोर्ड" ठरतो, आणि त्याला रस्ता, फुटपाथ, बाइक लेन, ट्रेल सगळीकडे मनाई आहे. तुम्ही त्यावर कितीही हळू जा, हेल्मेट घाला, सिग्नल पाळा, बोर्ड बेकायदाच राहतो. "ॲपमध्ये स्पीड लॉक करून ठेवीन" असं मुलं म्हणतात. कलमात बोर्ड किती वेगाने जाऊ शकतो हे विचारलंय, आणि लॉक बोटाच्या एका टिचकीने निघतो. अपघात होऊन प्रकरण वकिलापर्यंत गेलं, तर त्या लॉकच्या भरवशावर तुमची बाजू उभी राहावी असं मला वाटत नाही. मूळचाच २० मैलांच्या आतला बोर्ड घ्या.

आणि त्याहून जास्त लागतच नाही. मध्यम वजनाच्या माणसाला सपाट रस्त्यावर १५ मैलांच्या वेगाने न्यायला बोर्ड साधारण २०० ते ३०० वॅट खातो. जाहिरातीतला मोठा आकडा क्षणभराच्या कमाल शक्तीचा असतो. सलग किती शक्ती देतो ते माहितीपत्रकात शोधा, दोन मोटरी असतील तर दोन्हींची बेरीज करा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

सेकंडहँड घेताना आणखी दोन गोष्टी. इथे बूस्टेडचे बोर्ड अजून विकायला दिसतात. कंपनी माउंटन व्ह्यूची, २०२० मध्ये बंद पडली. बोर्ड मजबूत होते, पण आता बॅटरीला वय झालंय आणि सुटे भाग शोधत हिंडावं लागतं. दुसरं म्हणजे एकचाकी वनव्हील. सप्टेंबर २०२३ मध्ये सुमारे तीन लाख वनव्हीलसाठी रिकॉल, म्हणजे सदोष वस्तूबद्दलची अधिकृत सूचना, जाहीर झाला. २०१९ ते २०२१ या काळात चार जणांचे मृत्यू झाल्याची नोंद त्यात होती. नंतरच्या मॉडेलांना सॉफ्टवेअर अपडेट मिळालं, पण अगदी पहिलं मॉडेल आणि "प्लस" हे वापरणं थांबवा असंच सांगितलं गेलं. कुणी ही दोन स्वस्तात देऊ केली तर हात जोडून नाही म्हणा.

चालवण्याचे नियम

नियम त्याच व्हेइकल कोडच्या कलम २१२९० पासून पुढे आहेत, आणि वाचायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

वय १६ पूर्ण हवं. सुट्टीत भारतातून आलेला चौदा वर्षांचा भाचा कितीही सफाईने चालवत असला, आई-बाबा शेजारी चालत असले, तरी नाही. लायसन्स लागत नाही. इथेच गोंधळ होतो, कारण उभ्या दांड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटरचे नियम वेगळे आहेत: तिला लायसन्स किंवा लर्नर परमिट लागतं आणि फुटपाथवर ती चालवता येत नाही. मित्राची स्कूटर आणि तुमचा बोर्ड एकाच रस्त्यावरून शेजारी शेजारी जात असले तरी दोघांचे नियम एक समजू नका.

हेल्मेट सगळ्यांना, वय काहीही असो. स्कूटरवर अठरा वर्षांपुढच्यांना सूट आहे, बोर्डवर कुणालाच नाही. बॅगेत घालून आणलेलं आयएसआय शिक्क्याचं मोटरसायकल हेल्मेट इथे उपयोगाचं नाही. आतल्या बाजूला सीपीएससीचा (अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचा) स्टिकर असलेलं सायकल हेल्मेट हवं. पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकाच सैल. माझं आग्रहाचं सांगणं आहे की मनगटाचे गार्डही घ्या, कायदा मागत नसला तरी. पडताना माणूस हात पुढे टाकतो, ते थांबवणं आपल्या हातात नसतं. लॅपटॉपवर पोट असणाऱ्याला मनगट मोडून दोन महिने बसणं परवडत नाही.

वेगमर्यादा ताशी १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटर. रस्त्याच्या पाटीवर २५ किंवा ३५ लिहिलं असलं तरी तुमची १५च. शिवाय पाऊस, गर्दी, खराब रस्ता असेल तर त्याहून कमी. १५ हा आकडा कमाल आहे, तितक्या वेगाने जाण्याचा परवाना नाही.

रस्ता कोणता, हा सगळ्यात कामाचा नियम. ज्या रस्त्याची वेगमर्यादा ३५ मैल किंवा कमी, त्यावर चालेल. त्याहून जास्त वेगाच्या रस्त्यावर फक्त क्लास २ किंवा क्लास ४ बाइक लेन असेल तरच, आणि तेही त्या लेनच्या आतच. क्लास २ म्हणजे पांढऱ्या रेषेने आखलेली लेन. क्लास ४ म्हणजे खांब, कठडा किंवा उभ्या गाड्यांनी वेगळी केलेली लेन. क्लास ३ मध्ये रस्त्यावर नुसतं सायकलचं चित्र असतं आणि गाड्या त्याच पट्ट्यातून जातात, तो या सवलतीत धरत नाहीत. गूगल मॅप्स सायकलचा मार्ग दाखवतो म्हणून डोळे झाकून निघू नका. तो तुम्हाला सेंट्रल एक्सप्रेसवे किंवा लॉरेन्स एक्सप्रेसवेच्या कडेवरही नेईल. तिथे गाड्यांची मर्यादा ३५ च्या वर आहे आणि कडेची पट्टी म्हणजे बाइक लेन नव्हे. पहिल्यांदा जायचा मार्ग आदल्या दिवशी मित्राच्या गाडीतून किंवा पायी बघा. दर चौकानंतर वेगाची पाटी आणि लेनची रेषा या दोन गोष्टी वहीत टिपा. मी घर बदललं तेव्हा असंच केलं, आणि त्यातून गल्ल्यांतून जाणारा, थोडा लांबचा पण सगळीकडे २५ मैलांचा रस्ता सापडला.

फुटपाथबाबत राज्याच्या कायद्याने प्रत्येक शहराला आपापले नियम करायची मुभा दिली आहे. सनीवेलचा नियम सॅन होजेला लागू होत नाही, सॅन होजेचा सॅन फ्रान्सिस्कोला नाही. शहराच्या म्युनिसिपल कोडमध्ये "स्केटबोर्ड" शब्द टाकून शोधा. नियम काहीही निघो, दुकानांसमोरच्या फुटपाथवर उतरा आणि बोर्ड हातात घ्या. दारातून बाहेर पडणाऱ्या आजोबांना मागून येणारा बोर्ड ऐकूच येत नाही. विद्यापीठांना, पार्कांना आणि ट्रान्झिट संस्थांनाही आपल्या जागेत बंदी घालायचा अधिकार आहे. म्हणून कॅम्पस पोलिसांचं पान आणि ट्रेलच्या तोंडाशी लावलेला फलक दोन्ही वाचा. स्टेशनच्या फलाटावर बोर्ड कायम हातात.

अंधाराचे नियम नोव्हेंबरात एकदम आठवतात. हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेली की संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि लॅबमधून निघेपर्यंत मिट्ट काळोख. पुढून ३०० फुटांवरून दिसेल असा पांढरा दिवा, मागे ५०० फुटांवरून दिसेल असा लाल रिफ्लेक्टर, आणि दोन्ही बाजूंना २०० फुटांवरून दिसतील असे पांढरे किंवा पिवळे रिफ्लेक्टर लागतात. ते बोर्डाऐवजी अंगावर असले तरी चालतं, आणि तेच जास्त बरं. जमिनीपासून चार इंचांवरचा दिवा एसयूव्हीच्या ड्रायव्हरला दिसत नाही. हेल्मेटवर दिवा लावा आणि पाठीवरच्या सॅकला लाल रिफ्लेक्टर.

दारू पिऊन चालवण्याबद्दल वेगळं कलम आहे, २१२९६. दंड २५० डॉलरपर्यंत. पार्टीला बोर्ड नेलाच असेल तर यजमानांकडे ठेवा आणि दुसऱ्या दिवशी आणा.

थांबायला शिका

आता मुद्द्याचं. बोर्ड पळवणं कुणालाही दहा मिनिटांत येतं. थांबवणं येत नाही, आणि माणसं तिथेच पडतात.

मोकळं पार्किंग शोधा, रविवारी सकाळचं ऑफिसचं असेल तर उत्तम, पण सिक्युरिटीला विचारून. कोणता पाय पुढे हे ठरवायला मैत्रिणीला सांगा की मागून अचानक हलका धक्का दे. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे पडतो, तो बोर्डवर पुढे. पहिले काही दिवस सगळ्यात हळू मोड. रिमोटवरचं चाक अंगठ्याने पुढे ढकललं की वेग, मागे ओढलं की ब्रेक. अंगठा नवखा असतो, तो झटका देतो. म्हणून बोर्डवर उभं राहायच्या आधी बोर्ड उलटा ठेवा आणि चाकं हवेत फिरवत अंगठ्याला सवय करा: सावकाश पुढे, सावकाश मधे, सावकाश मागे.

मग उभं राहा, गुडघे वाकलेले. वेग घेताना वजन किंचित पुढच्या पायावर, ब्रेक दाबताना आधी खाली बसल्यासारखं वाका आणि वजन मागच्या पायावर न्या, मगच चाक मागे ओढा. क्रम उलटा झाला, ब्रेक आधी आणि वजन नंतर, की बोर्ड थांबतो आणि तुम्ही पुढे जाता. खडूने एक रेघ ओढा आणि चाक रेघेवर थांबवायचा सराव करा. हे सहज जमेपर्यंत रस्त्यावर येऊ नका. पुढे वेगात बोर्ड डावी-उजवीकडे थरथरायला लागला, तर घाबरून ब्रेक दाबू नका. वजन पुढच्या पायावर घ्या, अंग सैल ठेवा आणि वेग हळूहळू उतरू द्या. रिमोटचा संपर्क तुटला तर काय करायचं याचाही सराव हवा: धावण्याच्या वेगापर्यंत आल्यावर पुढे पाऊल टाकून उतरायचं आणि दोन-चार पावलं पळत जायचं. रिमोट रोज रात्री चार्जिंगला लावा, बोर्डाबरोबरच.

ब्रेकचं अंतरंग समजून घेतलं तर एक मोठा धोका टळतो. या बोर्डांना सायकलसारखे रबरी ब्रेक नसतात. ब्रेक दाबला की मोटर जनित्राचं काम करते, चाकांची गती विजेत बदलते आणि ती वीज बॅटरीत परत जाते. त्या उलट्या रेट्याने बोर्ड मंदावतो. आता विचार करा, बॅटरी शंभर टक्के भरलेली आहे, तुम्ही घरातून निघालात आणि पहिलाच उतार लागला. वीज जायला जागाच नाही. बॅटरीचं संरक्षण करणारं सर्किट आपलं काम करतं, येणारा प्रवाह तोडतं, आणि ऐन उतारावर ब्रेक ढिला पडतो किंवा जातोच. काही बोर्ड आधी बीप देतात, काही देत नाहीत. म्हणून माझा नियम: बोर्ड नव्वद टक्क्यांवर काढायचा, किंवा पूर्ण भरलाच असेल तर पहिला मैलभर सपाट रस्त्याने जायचं. लॉस आल्टोसच्या टेकड्यांकडे राहणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

सॅन होजे डाउनटाउनमध्ये फर्स्ट आणि सेकंड स्ट्रीटवर लाइट रेलचे रूळ आहेत. बोर्डाचं चाक त्या खाचेत सहज बसतं. रूळ आले की उतरा, बोर्ड उचला, पलीकडे जा. पावसाळा इथे नोव्हेंबर ते मार्च. ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवर चाकं घसरतात आणि पाणी शिरून बिघडलेला बोर्ड बहुतेक वॉरंटीत बसत नाही. पावसाच्या दिवशी बस. पार्क केलेल्या गाड्यांच्या रांगेपासून दरवाजा उघडेल एवढं अंतर राखा. आतला माणूस आरशात सायकल शोधत असेल, बोर्ड नाही.

बॅटरी घरात कुठे ठेवाल

आपल्या घरांत बोर्ड ठेवायची ठरलेली जागा म्हणजे दाराशी, चपलांच्या स्टँडखाली. तिथेच प्लग असतो, तिथेच तो रात्रभर चार्जिंगला लागतो. कृपा करून ही जागा बदला. लिथियम बॅटरी पेटली तर पाण्याच्या बादलीने विझत नाही, आणि दोन खोल्यांत पाच मुलं झोपलेल्या अपार्टमेंटला बाहेर पडायला तोच एक दरवाजा असतो. चार्जिंग जागेपणी करा, उघड्या फरशीवर, दारापासून आणि गाद्यांपासून लांब, बोर्डाबरोबर आलेल्याच चार्जरने. घेतानाच यूएल २२७२ ची खूण बघा. अशा वाहनांची विजेची बाजू तपासणारं ते मानक आहे. बॅटरीचं कवच फुगलं, गोडसर विचित्र वास आला किंवा जोरात आपटली, तर तिला पुन्हा चार्जर लावू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. काउंटीचं घातक कचरा केंद्र अशा बॅटऱ्या घेतं, आधी वेळ ठरवून जायचं. विद्यापीठाच्या वसतिगृहात राहत असाल तर बोर्ड घेण्याआधी करार वाचा, काही ठिकाणी आत आणायलाच मनाई असते. रेंटर्स इन्शुरन्सच्या (भाडेकरूच्या विम्याच्या) कागदांत "मोटराइज्ड" शब्द शोधा आणि अशा वाहनाने दुसऱ्याला झालेली इजा तुमच्या पॉलिसीत धरतात का, हे एजंटला ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

भारतात न्यायचा असेल तर

शिक्षण संपलं की "बोर्ड पुण्याला नेऊ का" हा प्रश्न येतोच. विमानात प्रवाशाच्या सामानात १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी चालते, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते, त्यापुढे नाही. तुमच्या बॅटरीवरचे व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करा: ३६ व्होल्ट, ६ अँपिअर-तास म्हणजे २१६. बहुतेक बोर्ड इथेच बाद होतात. सामानात लपवून नेऊ नका, तो शेकडो लोकांच्या जिवाशी खेळ आहे.

नेता आला तरी रस्त्यावर काढता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२८) मधली मोटार वाहनाची व्याख्या चांगलीच व्यापक आहे. २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या बॅटरी वाहनांना जी सवलत आहे, ती अधिकृत चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेल्या वाहनांना. पुण्याची एआरएआय ही त्यातलीच एक संस्था. परदेशातून बॅगेत आणलेल्या बोर्डामागे अशी मान्यता नसते, आणि नोंदणी, विमा, लायसन्स हे सगळे प्रश्न उभे राहतात. लंडन किंवा म्युनिकला नोकरी लागली असेल तरी तेच. ब्रिटनमध्ये असे बोर्ड सार्वजनिक रस्त्यावर आणि फुटपाथवर बेकायदा आहेत, आणि जर्मनीच्या २०१९ च्या नियमात वाहनाला धरायचा दांडा असणं बंधनकारक आहे, जो बोर्डाला नसतो.

तेव्हा जाताना बोर्ड इथेच विका. विकताना माहितीपत्रकाचा तो स्क्रीनशॉट, मूळ चार्जर आणि बॅटरी किती जुनी आहे हे घेणाऱ्याला खरं खरं सांगा. घेणारा पहिल्यांदाच चालवणार असेल तर त्याला पार्किंगमध्ये न्या, खडूची रेघ ओढा आणि तासभर थांबायला शिकवा. हेल्मेट मात्र बोर्डाबरोबर देऊ नका, त्याला नवं घ्यायला सांगा. आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसतं.